टायर आधी, लोखंड नंतर

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ बरेच काढलेत, काही राहिलेत.)

मागच्या भागात चेन आणि स्प्रॉकेटबद्दल बोललो, तेव्हा शेवटी म्हणालो होतो की पुढचा भाग टायर आणि गार्डवर. तेव्हापासून मी हा भाग ढकलतोय. कारण हे सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती गोष्ट माझ्या बहिणीची आहे. तिला विचारलं. ती म्हणाली, “सांग की दादा, पण सगळं सांग. अर्धवट सांगून हिरो होऊ नकोस.” तर सगळं सांगतो.

माझ्याकडे एक्सपल्स २०० ४व्ही आहे. सेकंड हँड घेतली, जानेवारीत. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, दोन्हीकडे आरे, दोन्हीकडे ट्यूब. गाडी घरी आली त्या रात्री मी काय केलं असेल? लॅपटॉप उघडला आणि शॉपिंग कार्ट भरायला घेतली. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे दुसऱ्याची सेटिंग उचलून आपल्याकडे चिकटवायची सवय जुनीच. एक परदेशी व्हिडिओ पाहिला, वाळवंटात गाडी उडवणारा माणूस. त्याच्या गाडीला जे जे होतं ते ते मला हवं होतं.

दोन महिन्यांचा हिशोब वाचून दाखवतो, शीट अजून आहे माझ्याकडे. लेग गार्ड ५,५००. हँडगार्ड ३,२००. फॉग लाइट ६,०००. हेडलाइटची जाळी १,४००. मागचा रॅक ३,९००. झाले २०,०००. शिवाय बटन टायरची जोडी. बटन टायर म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये, मोठाले ठोकळे, मध्ये बोटभर जागा. दुकानात टायर बसवताना मुलगा म्हणाला, “दादा, रोड जास्त का कच्चा जास्त?” मी म्हणालो, “कच्चा.” खोटं बोललो. म्हणजे त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

जुलैमध्ये मामाकडे निघालो, माणगावच्या पुढे. मागे बहीण. ताम्हिणीत जसा असतो तसा पाऊस, समोर ढग, रस्त्याच्या कडेला झाडाखाली हिरवट शेवाळं. वेग जास्त नव्हता, चाळीसच्या आसपास. एक उजवं वळण होतं, साधं. पुढचं चाक आधी किंचित हललं, जसं काही हँडलच्या खाली कुणीतरी साबण ठेवलाय, आणि मग गेलंच. गाडी डावीकडे पडली असती तर दरीकडची बाजू होती. उजवीकडे पडली. मी गाडीबरोबर घसरलो, ती मागून उडून हातावर पडली.

लोक थांबले, गाडी उचलली. एकाने लेग गार्डवर हात फिरवला आणि म्हणाला, “बघा, गार्डने वाचवलं, नुसता ओरखडा आहे.” खरं होतं. गाडीला ओरखडा होता, आणि माझ्या बहिणीचा डावा हात मनगटापाशी सुजत चालला होता. ती डावखुरी आहे. बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला. माणगावात एक्स-रे काढला, पुण्याला परत आल्यावर ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी सांगितलं, स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड, पसरलेल्या तळहातावर पडलं की हेच मोडतं. आठ आठवडे प्लास्टर. तिची प्रॅक्टिकल्स त्या आठ आठवड्यांत होती.

तिच्या हातात ग्लोव्हज नव्हते. डोक्यावर हेल्मेट होतं ते माझं कॉलेजातलं जुनं, सात वर्षांचं, आतला स्पंज भुगा झालेला. वीस हजारांची शीट मी रात्री पुन्हा उघडली. त्यात तिच्यासाठीची एकही ओळ नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

बरं. आता टायर.

मी का घसरलो हे मला कळायला हवं होतं, नाहीतर गाडी विकणार होतो. दोन कारणं निघाली. पहिलं कारण ठोकळे. ओल्या डांबरावर टायरला पकड मिळते ती रबर रस्त्याला जितकं चिकटेल तितकी. बटन टायरमध्ये मधली जागा मोकळी, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबरच कमी. वर ते ठोकळे उंच, गाडी वळणात झुकली की ते मुळापासून वाकतात. पायाखालची चप्पल सरकल्यासारखं. आणि बऱ्याच अशा टायरांचं रबर दगडावर लवकर झिजू नये म्हणून कडक असतं, ते थंड ओल्या रस्त्यावर आणखी बोथट. मातीत हेच ठोकळे रुततात, तिथे ते राजे आहेत. डांबरावर त्यांना रुतायला काही नाही.

दुसरं कारण माझं स्वतःचं. हवा. त्याच व्हिडिओत पाहिलं होतं की हवा कमी केली की पकड वाढते, म्हणून पुढे १८ पीएसआय ठेवून मी डबलसीट घाटात गेलो. मऊ मातीत हवा कमी केली की टायर पसरतो, खरंय. डांबरावर डबलसीट गेलात तर टायर लोळतो, ठोकळे आणखी वाकतात, हँडल जड होतं. चेन कव्हरवर किंवा मागच्या स्विंगआर्मवर कंपनीचा स्टिकर असतो, एकट्यासाठी वेगळा आकडा, डबलसीटला वेगळा. तो मी वाचलाच नव्हता. मॅन्युअल न वाचणाऱ्या युजरला ऑफिसात मी किती नावं ठेवतो, ते सोडा.

मग मी एक काम केलं, जे दुकानात जायच्या आधी करायला हवं होतं. फोनच्या लोकेशन हिस्टरीतून मागच्या वर्षभरातल्या सगळ्या फेऱ्या काढल्या. जुन्या गाडीच्या धरून. एकूण ९,४०० किलोमीटर. त्यातलं कच्चं किती? ८००. आणि त्या आठशेतही निम्मं म्हणजे गडाच्या पायथ्याच्या गावापर्यंतचा मुरमाचा रस्ता, ज्यावरून एसटी जाते आणि दूधवाल्याची स्प्लेंडर जाते. म्हणजे शंभरातले ९१ किलोमीटर मी डांबरावर होतो आणि टायर घेतला होता उरलेल्या नऊसाठी.

दुकानात तुम्हाला ५०-५०, ७०-३०, ८०-२० असे आकडे सांगतात. हे लक्षात ठेवा की हे आकडे कुठल्या प्रमाण चाचणीतून आलेले नाहीत, प्रत्येक कंपनी आपल्या टायरला आपल्या मनाने देते. एकाचा ६०-४० दुसऱ्याच्या ८०-२० सारखा दिसू शकतो. आकडा ऐकण्यापेक्षा टायर हातात घ्या. मधल्या पट्टीकडे बघा. सरळ जाताना रस्त्याला टेकते ती हीच. मधली पट्टी जवळजवळ सलग असेल तर डांबराचा टायर. मग कडेच्या ठोकळ्यांवर बोट दाबून वाकवून बघा. वळणात त्यांच्यावरच गाडी झुकणार आहे. ठोकळ्यांना एकमेकांशी जोडणारी रबराची पूल-पट्टी तळाशी असेल तर ते कमी वाकतात.

बाजूला लिहिलेलं वाचायला शिका, दोन मिनिटांचं काम आहे. माझ्या पुढच्या टायरवर ९०/९०-२१ आहे. पहिला नव्वद म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा नव्वद म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के उंची, २१ म्हणजे रिमचा व्यास इंचात. पुढे ५४ असा आकडा दिसेल. तो वजनाचा कोड, ५४ म्हणजे २१२ किलो. मागे ६२ असेल तर २६५ किलो. त्याला लागून एक अक्षर, वेगाचं. पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. आपल्या गाड्यांना हे पुरून उरतं, पण डबलसीट आणि दोन्ही बाजूंना सामान लादणार असाल तर वजनाचा आकडा गाडीच्या मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका. मग चार आकडी तारीख. ०८२४ असेल तर २०२४ सालचा आठवा आठवडा. मला एकदा “एकदम नवा माल” म्हणून दाखवलेला टायर चार वर्षांचा निघाला. नवाच होता, वापरलेला नव्हता, पण रबराला वय असतंच. आणि बाण. फिरण्याच्या दिशेचा बाण. बसवणारा घाईत असतो, तुम्ही उभे राहून बघा.

रुंद टायरचा मोह आवरा. मागे एक माप मोठा टाकला की गाडी भारदस्त दिसते. पण रिम तीच असते, त्यामुळे टायर गोल फुगतो आणि वळायला आळशी होतो. चेनला घासतो. पावसात चिखल अडकला की चाकच थांबतं.

चिखलावरून आठवलं. नोव्हेंबरात बार्शीकडे मित्राच्या शेतावर निघालो होतो, अवकाळी पडून गेलेला. काळ्या रानातून पाऊण किलोमीटर वाट. मला वाटलं, इथे तरी बटन टायर असते तर. पन्नास मीटरवर पुढचं चाक फिरायचं बंद झालं. काळी माती टायरच्या खाचांत भरते, तिच्यावर आणखी भरते, आणि मडगार्डच्या खाली तिचा घट्ट लाडू होतो. इंजिन चालू, गिअर टाकलेला, मागचं चाक जागेवर फिरतंय. एक आजोबा बांधावरून बघत होते. म्हणाले, “ओलं रान हाय, गाडी कशाला घातली? बैल बी घालत न्हाई आमी.” मग त्यांनीच तुरीच्या वाळक्या काटकीने मडगार्डमधली माती उकरून दिली. मित्राकडे ट्रॅक्टरला जे टायर आहेत त्यापेक्षा मोठे ठोकळे कुठे मिळणार, आणि तो ट्रॅक्टरही त्या दिवशी घरी उभा होता. काळ्या मातीवर उपाय टायर नाही, दोन दिवसांचं ऊन आहे. टाळता येत नसेल तर पुढचं मडगार्ड उंच करून घ्या, चाक आणि मडगार्डमध्ये मूठ जाईल इतकं.

कोकणातली लाल माती वेगळी. वर जांभ्याचे बारीक खडे असतात, गोल, गोट्यांसारखे. कोरड्यात त्यांच्यावर कुठलाही टायर घरंगळतो. तिथे वेग कमी आणि पुढचा ब्रेक हलका, बाकी काही नाही.

तर माझी निवड. पुढे-मागे डांबराकडे झुकणारा टायर, मधली पट्टी सलग, कडेला मध्यम ठोकळे. रविवारी ज्यांना खरंच ओढ्यातून आणि जंगलवाटेने जायचंय, तेही गाडी ट्रेलरवर नेऊन, त्यांनी बटन टायर घ्यावेत, जरूर घ्यावेत. काही जण मधला मार्ग काढतात, पुढे थोडा जास्त ठोकळ्यांचा, मागे रस्त्याचा. मातीत पुढचं चाक दिशा धरून ठेवतं, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण माझं तर पुढचंच गेलं होतं, त्यामुळे तो प्रयोग मी करणार नाही.

ट्यूबबद्दल थोडं. आऱ्यांच्या रिमला प्रत्येक आऱ्यासाठी भोक असतं, म्हणून साध्या रिमवर ट्यूबलेस चालत नाही, हवा भोकांतून जाणार. ट्यूब म्हणजे पंक्चर काढायला चाक खोलणं आलं. आतल्या गावात पंक्चरवाल्याकडे २१ ची ट्यूब नसते, अठराची असेल-नसेल. म्हणून एक २१ ची ट्यूब रॅकवर बांधून ठेवायची. अडीअडचणीला ती मागच्या अठराच्या टायरातही घडी बसवून ढकलता येते, गावापर्यंत पोचवते. हवा खूप कमी ठेवून दगडावर आदळलात तर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते, शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, सापाने दात मारल्यासारख्या. मी एकटा असताना, मुरूम लागला की २२ पर्यंत उतरवतो, त्याखाली नाही. आणि डांबर लागलं की परत भरतो. त्यासाठी बॅगेत छोटा पंप आहे. तो सहाशे रुपयांचा फुटपंप फॉग लाइटपेक्षा जास्त वेळा बाहेर निघालाय.

आता लोखंड. इथेही एक फजिती आहे, पण हिच्यात कुणाचं हाड मोडलं नाही.

गाडी घेतली तेव्हा इंजिनाच्या खालची प्लेट नव्हती. मूळ गाडीला येते. आधीच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, “खडखड आवाज यायचा, काढून टाकली.” मी म्हटलं ठीक आहे, बघू नंतर. हेडलाइटची जाळी घेतली, प्लेट नाही घेतली. डिसेंबरात वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला, उतारावर पुढच्या चाकाने एक दगड उडवला आणि खालून ठण्ण असा आवाज. शंभर मीटरवर तेलाचा वास. वाकून बघितलं तर चेंबरला केसासारखी चीर आणि थेंब थेंब. गावातल्या एका टेम्पोवाल्याने गाडी चढवून घेतली, दोन घरांतून शोधून एम-सील आणलं, ते तेलकट धातूवर टिकलं नाही ही वेगळी गोष्ट. बिल आलं १४,०००. चेंबरचा तो भाग बदलायला इंजिन पूर्ण खोलावं लागतं, मजुरी तिथे जाते.

म्हणून माझा क्रम सांगतो, आणि तो दिसण्याच्या क्रमाच्या बरोबर उलटा आहे. सगळ्यात आधी खालची प्लेट, जी उभ्या गाडीला कुणालाच दिसत नाही. बघायचं काय? एक, ती फ्रेमला बोल्ट केलेली हवी, इंजिनाला नाही. इंजिनाला लटकवलेली प्लेट दगडाचा दणका सरळ चेंबरला पोचवते. दोन, प्लेट आणि इंजिनात अंतर हवं, प्लेटला पोचा आला तरी तो आत टेकता कामा नये. अॅल्युमिनियम की लोखंड? लोखंड जवळजवळ तिप्पट जड. मी चार मिलिमीटरची अॅल्युमिनियम घेतली. कोपरे वळवून वर आणलेले असतील तर बाजूने येणारा दगडही अडतो. ऑइल काढायच्या बोल्टखाली भोक हवं, नाहीतर दर वेळी प्लेट उतरवा. आणि खडखड आवाजासाठी बोल्टखाली रबराचा वॉशर. दहा रुपयांत होतं. आधीच्या मालकाचा तो आवाज दहा रुपयांचा होता, आणि त्यासाठी मी १४,००० भरले. चिखलात जाऊन आलात तर पाणी मारून प्लेटच्या आतला चिखल काढा, वाळून घट्ट बसला की इंजिनाची हवा कोंडते.

दुसरं, हातांच्या इथलं. हँडगार्ड दोन प्रकारचे. नुसतं प्लास्टिक, ते वारा आणि फांद्या अडवतं. आणि आतून अॅल्युमिनियमची पट्टी असलेले, दोन्ही टोकांना हँडलला घट्ट केलेले. गाडी पडली की लिव्हर वाचवतात ते हे दुसरे. माझे ३,२०० चे पहिल्या प्रकारातले होते, दिसायला दुसऱ्यासारखे. ताम्हिणीत पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडला होता. एक फुकटची युक्ती आहे: लिव्हरच्या क्लॅम्पखाली हँडलवर नळाची टेफ्लॉन टेप दोन वेढे गुंडाळायची आणि बोल्ट बेताने कसायचे. धक्का बसला तर लिव्हर मोडत नाही, फिरतो. हाताने परत जागेवर आणायचा. हाताने सहज फिरेल इतका सैल मात्र नको, ब्रेकचा आहे तो.

लेग गार्ड. माझ्या गाडीला आहे, काढला नाही. बाजूवर पडली तर टाकी आणि इंजिनाच्या बाजूचं कव्हर वाचतं आणि पाय दाबला जात नाही, हा मोठा फायदा. पण फार रुंद घेऊ नका. चाकोरीत किंवा दोन दगडांच्या मध्ये ते टोक अडकतं आणि तुम्हाला फिरवून टाकतं. वजन घरच्या काट्यावर केलं, ५ किलो ८०० ग्रॅम, सगळं पुढे. तीन ठिकाणी धरलेला घ्या, एकाच बोल्टवर लटकलेला असेल तर पडल्यावर तो फ्रेमवरचा कान वाकवतो.

ऑइल कूलरसमोर बारीक जाळी टाका, समोरच्या ट्रकच्या चाकातून उडणारी खडी थेट तिथे लागते. हेडलाइटची जाळी मी विकली. रात्री रस्त्यावर तिची सावली पडायची.

आणि तिसरं, जे मी पहिलं म्हणायला हवं होतं. आमच्याकडे आता दोन नंबरचं, म्हणजे मागे बसणाऱ्याचं, सगळं सामान वेगळं आहे. आयएसआयचा शिक्का असलेलं, तिच्या मापाचं हेल्मेट. तळहातावर कडक सरकती पट्टी असलेले ग्लोव्हज. तळहात रस्त्यावर आदळला की तो चिकटून मनगट मागे वळतं. पट्टीमुळे हात घसरतो, वळत नाही. गुडघ्याच्या आणि कोपराच्या पॅडवर ईएन १६२१-१ असं लिहिलेलं बघा, शेजारी लेव्हल १ किंवा २. चाचणीत पॅडवर ठरावीक वजन आपटतात आणि पलीकडे किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंत. पाठीच्या पॅडचा आकडा १६२१-२, तिथे १८ आणि ९. बाजारात नुसतं ‘सीई’ छापलेला स्पंजही मिळतो. आकडा नसेल तर तो स्पंजच समजा.

दोघांचं मिळून हे सगळं साधारण त्याच वीस हजारांत बसलं. थोडं वर गेलं.

बहिणीचं विचारलं होतं काही जणांनी, मागे एकदा उल्लेख झाला होता तेव्हा. तिचं वर्ष गेलं नाही. प्रॅक्टिकल्स पुरवणीला दिली. मनगट पूर्ण मागे वळवलं तर अजून थोडं दुखतं म्हणते, थंडीत जास्त. वर्षभर ती माझ्या मागे बसली नाही, मी विचारलंही नाही. मागच्या महिन्यात मामाकडे श्राद्ध होतं, आई-बाबा एसटीने गेले आणि ही खाली पार्किंगमध्ये ग्लोव्हज घालून उभी. मी किक मारायला गेलो तर म्हणाली, “थांब, हवा बघितलीस?” बघितली होती. तरी तिने माझ्याकडून गेज घेतला, खाली बसली आणि पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांची पुन्हा बघितली. मग बसली. ताम्हिणीने गेलो, त्या वळणावर मी वीसवर होतो.

पुढच्या भागात सस्पेन्शनचं सॅग मोजू, दोन माणसं आणि एक मेजर टेप लागेल, तयार ठेवा.